टाक्याच्या दोऱ्यात औषध मुरवायचं तर

प्रोजेक्टला येणारी मुलं पहिल्या आठवड्यात हमखास विचारतात, "मॅडम, दोऱ्यात किती टक्के औषध बसतं?" मी उलट विचारते, औषध बसल्यावर त्याला गाठ मारून पाहणार आहात ना? कारण पेपरांमध्ये टक्केवारीची शर्यत चालते आणि सर्जनला मात्र दोरा लागतो. जखमेच्या दोन कडा धरून ठेवणं हे त्याचं पहिलं काम. औषध सोडणं दुसरं. पुढे जे लिहिलंय ते हा क्रम डोक्यात ठेवून वाचा.

हे लिखाण ज्यांच्या लॅबमध्ये उच्च दाबाच्या कार्बन डायऑक्साइडने दोऱ्यात औषध मुरवायचा सेटअप आहे आणि तो चालवणारं अनुभवी माणूस शेजारी उभं आहे, त्यांच्यासाठी आहे. यातून तयार होणारा दोरा तपासण्यासाठी असतो, माणसाला घालण्यासाठी नव्हे. प्राण्यांवर वापरायचा असेल तरी आधी संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी लागते.

आधी एक हिशोब करू, म्हणजे टक्केवारीचं भूत उतरतं. 3-0 नंबरचा कृत्रिम विरघळणारा दोरा साधारण 0.20 ते 0.249 मिलिमीटर जाडीचा. मधला 0.22 धरला, तर एक मीटर दोऱ्याचं आकारमान 38 घनमिलिमीटर येतं. दोरा पॉलिलॅक्टिक आम्ल या पॉलिमरचा मानून घनता दर घनमिलिमीटरला 1.25 मिलिग्रॅम धरली की वजन सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस मिलिग्रॅम. पाकिटातला दोरा बहुधा 75 सेंटिमीटरचा, म्हणजे जेमतेम 36 मिलिग्रॅम. त्यात 5 टक्के औषध मुरलं तर अख्ख्या दोऱ्यात 1.8 मिलिग्रॅम. किटोप्रोफेन या दुखणं-दाह कमी करणाऱ्या औषधाची एक कॅप्सूल 50 किंवा 100 मिलिग्रॅमची असते. तेव्हा हा दोरा गोळीची जागा घेणार नाही. टाक्याच्या आसपासच्या काही मिलिमीटर ऊतींमध्ये औषध पोचवणं एवढंच त्याच्याकडून मागायचं, आणि तेवढं तो नीट करतो.

हे काम कार्बन डायऑक्साइडने का करायचं? औषधाच्या द्रावणात दोरा बुडवून वाळवला तर औषध बहुतांशी वरच्या वर राहतं आणि पहिल्या काही तासांत धुऊन जातं. आतवर जाईल असा सेंद्रिय द्रावक घेतला तर तो नंतर पूर्ण काढत बसावं लागतं, शिवाय दोरा सुजून खराब होतो. वितळलेल्या पॉलिमरमध्येच औषध मिसळून दोरा ओढायचा म्हटलं तर पॉलिलॅक्टिक आम्ल 175 अंशांच्या पुढे वितळतं आणि बरीच औषधं तिथवर टिकत नाहीत. कार्बन डायऑक्साइड 31 अंश सेल्सिअस आणि 74 बारच्या पुढे गेला की वायूही राहत नाही आणि द्रवही नाही. वायूसारखा फटींत शिरतो, द्रवासारखं औषध विरघळवून घेतो. पॉलिमरच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना सैल करतो, औषध आत पोचतं. मग दाब काढला की निघून जातो, मागे द्रावकाचा थेंब उरत नाही. कपड्यांच्या धंद्यात हे नवीन नाही. जर्मनीत क्रेफेल्डला 1980च्या दशकाच्या अखेरीस पॉलिएस्टर याच रीतीने पाण्याशिवाय रंगवायला सुरुवात झाली, आणि पुढे नेदरलँड्समधल्या डायकू कंपनीने त्याची यंत्रं बाजारात आणली. रंगाच्या जागी औषध घाला, भौतिकशास्त्र तेच.

दोरा कोणता

इथेच अर्धं काम होतं किंवा बिघडतं. सदाशिव पेठेतल्या सर्जिकलच्या दुकानात सहज मिळतात ते पॉलिग्लायकोलिक आम्लाचे किंवा पॉलिग्लॅक्टिनचे ब्रेडेड, म्हणजे अनेक बारीक तंतू विणलेले दोरे. ते स्वस्त पडतात म्हणून मुलं तेच उचलतात. पण त्यांतल्या ग्लायकोलाइडच्या भागात कार्बन डायऑक्साइड कमी शिरतो, शिवाय स्फटिकी भाग भरपूर. औषध तंतूंच्या फटींत अडकतं आणि वजनाचा आकडा छान येतो, पण ते मुरलेलं नसतं, नुसतं साचलेलं असतं. पहिल्या दिवशीच बाहेर. वर या दोऱ्यांना कारखान्यातच लेप दिलेला असतो. जांभळ्या दोऱ्यात रंगही असतो आणि तो कार्बन डायऑक्साइडमध्ये उतरू शकतो. सुरुवात बिनरंगी, बिनलेपाच्या दोऱ्याने करा.

मी शिकवताना पॉलि-एल-लॅक्टिक आम्लाचा मोनोफिलामेंट, म्हणजे एकाच सलग तंतूचा दोरा घेते. तो बाजारात सहज मिळत नाही. फायबर स्पिनिंगची सोय असलेल्या एखाद्या लॅबकडून ओढून घ्यावा लागतो. याचं काच-संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली पॉलिमर काचेसारखा कडक राहतो ते, 60 अंशांच्या आसपास असतं. कार्बन डायऑक्साइडच्या संगतीत ते खाली येतं, त्यामुळे 40 अंशांनाही साखळ्या हलू लागतात. एवढंच आपल्याला हवं. फ्रान्समधल्या बोर्दो आणि बेल्जियममधल्या लिएज इथल्या गटांनी 2015च्या सुमाराला याच पॉलिमरच्या, पॉलिएस्टरच्या आणि पॉलिप्रोपिलीनच्या दोऱ्यांवर किटोप्रोफेन आणि अॅस्पिरिन घेऊन पद्धतशीर काम केलंय. वाचून ठेवा.

पॉलिकॅप्रोलॅक्टोनच्या वाटेला जाऊ नका. ते एरवी 60 अंशांना वितळतं, दाबाखाली त्याहून बरंच आधी. वेसल, म्हणजे दाबाचं भांडं, उघडलं की दोऱ्याऐवजी गोळा सापडेल.

औषध कोणतं

कार्बन डायऑक्साइड ध्रुवीय रेणूंच्या बाबतीत फारच कंजूष आहे. क्षार त्यात विरघळत नाहीत. डायक्लोफेनॅक सोडियम, जेंटामायसिन सल्फेट ही नावं यादीत दिसली की मी तिथेच काट मारते. आम्ल किंवा उदासीन रूपातला, लहान, चरबीकडे कल असलेला रेणू हवा. आयबुप्रोफेन, किटोप्रोफेन आणि नॅप्रॉक्सेन या तिघांत आयबुप्रोफेन सर्वांत जास्त विरघळतं, किटोप्रोफेन बरंच कमी आणि नॅप्रॉक्सेन त्याहून कमी.

यावरून आयबुप्रोफेन घ्यावं असं वाटेल. थांबा. औषधाला कार्बन डायऑक्साइड फार आवडला तर ते दोऱ्यात जाईलच कशाला? द्रवात, म्हणजे दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये, सुखाने राहील. शेवटी औषध द्रव आणि दोरा यांच्यात वाटलं जातं, आणि दोऱ्याच्या बाजूला ओढ जास्त हवी. म्हणून दाब वाढवला की दोऱ्यातलं औषध वाढतंच असं नाही, एका मर्यादेपुढे कमीही होतं. दाब वाढवत नेला आणि आकडा खाली आला की मुलं घाबरून मशीन बिघडलं म्हणतात. मशीन ठीक असतं.

मी किटोप्रोफेन निवडते. विरघळतं बेताचं, पण पॉलिमरमध्ये चांगलं रमतं, आणि 260 नॅनोमीटरच्या आसपास अतिनील प्रकाश शोषतं म्हणून मोजायला सोपं. एकच खोड आहे, उजेडात ते बिघडतं. बाटली, नमुने, रिलीजच्या (औषध कसं सुटतं त्या चाचणीच्या) कुप्या, सगळं अॅल्युमिनियम फॉइलमध्ये. अॅस्पिरिन घेणार असाल तर ओलावा सांभाळा. कुपी उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर ते सॅलिसिलिक आम्लाच्या वाटेला लागलंय.

आणि सर्जनला विचारल्याशिवाय औषध ठरवू नका. दाह कमी करणारं औषध त्वचेच्या टाक्याला चालेल, पण आतड्याच्या जोडावर या गटाची औषधं म्हटलं की अनेक सर्जन सावध होतात.

सेटअप

100 मिलिलिटरचं, 316 स्टेनलेस स्टीलचं, नीलमण्याची खिडकी असलेलं वेसल असेल तर उत्तम. आत काय चाललंय हे डोळ्यांनी दिसलं की निम्मे प्रश्न सुटतात. सिलिंडर डिप ट्यूबवाला, म्हणजे आत तळापर्यंत नळी असलेला घ्या, म्हणजे तळाचा द्रव वर येतो. गॅस कोरडा हवा. ओलावा आला की कार्बॉनिक आम्ल तयार होतं आणि लॅक्टिक-ग्लायकोलिकचे दोरे पाण्याने तुटणाऱ्या जातीचे आहेत.

पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत एक गंमत होते. सिलिंडर ठेवलेल्या खोलीचं तापमान दुपारी 31 अंशांच्या वर गेलं की सिलिंडरमध्ये द्रव असा उरतच नाही. पंप नुसती हवा खाल्ल्यासारखा आवाज करतो आणि दाब चढत नाही. पंपाचं डोकं चिलरने 5 अंशांच्या खाली ठेवायलाच हवं, पण त्याच्या आधीची नळीही तापत असेल तर तिलाही इन्सुलेशन घाला. आमच्याकडे उन्हाळ्यात रन, म्हणजे प्रयोगाची फेरी, सकाळी लवकर लावायचा, असा नियमच आहे. नागपूरकरांनी काय करावं ते त्यांनी बघावं.

वेसलचं झाकण सील करणारी ओ-रिंग व्हायटॉन रबराची असेल तर बदला. ती कार्बन डायऑक्साइड पिऊन फुगते आणि दाब सुटताना आतून फाटते. ईपीडीएम रबराची किंवा पीटीएफईची (टेफ्लॉनची) घ्या. रप्चर डिस्क, म्हणजे दाब फार वाढला की आधी फुटणारी सुरक्षेची चकती, वेसलच्या कमाल दाबाला साजेशी आहे ना ते प्रमाणपत्रावर पाहा, कुणाच्या तोंडी सांगण्यावर नको. सिलिंडरचे नियम पेसोचे (केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचे), त्यांचं मुख्यालय नागपूरलाच आहे. संस्थेच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडून एकदा सगळं तपासून घ्या.

गुदमरण्याचा धोका लोक हसण्यावारी नेतात. 30 किलोचा सिलिंडर गळून रिकामा झाला तर सोळा-सतरा घनमीटर वायू होतो. चार मीटर लांब, चार रुंद आणि तीन उंच खोली 48 घनमीटरची. म्हणजे खोलीचा एक तृतीयांश. हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो. सेन्सर गुडघ्याच्या उंचीवर लावा, डोक्यावर लावून उपयोग नाही. व्हेंटची नळी खिडकीबाहेर काढा.

दोरा बांधणं आणि रन

ओढून तयार केलेल्या दोऱ्यात साखळ्या लांबीच्या दिशेला ताणलेल्या असतात. त्याची ताकद तिथूनच येते. कार्बन डायऑक्साइडने त्या सैल केल्या की त्यांना आखडायचं असतं. मोकळा टाकलेला दोरा आखूड होतो, जाड होतो आणि कमजोर होतो. म्हणून स्टीलच्या तारेची यू आकाराची फ्रेम करा, दोरा तिच्यावर अलगद ताणून गुंडाळा, दोन्ही टोकं घट्ट बांधा. वेटोळे एकमेकांवर यायला नकोत, जिथे दोरा दोऱ्याला टेकतो तिथे औषध कमी शिरतं. गुंडाळण्याआधी दोरा इथेनॉलने पुसून व्हॅक्यूममध्ये सामान्य तापमानाला वाळवा, लांबी आणि वजन लिहून ठेवा. वजनासाठी पाच दशांश स्थळांचा तराजू हवा. वरचा हिशोब आठवा, आपण एक-दोन मिलिग्रॅमचा फरक शोधतोय.

औषध वेगळ्या काचेच्या कुपीत, तोंडाला बारीक स्टीलची जाळी. दोऱ्याला औषधाची पूड लागता कामा नये. औषध सढळ घाला, शेवटी कुपीत थोडं उरलंच पाहिजे, तरच द्रव पूर्ण संपृक्त होता असं म्हणता येतं. उरलेल्या औषधाकडे नीट बघा. पांढरी भुकटी असेल तर ठीक. गोठलेल्या मेणासारखं चकाकत असेल तर ते आत वितळलं होतं. किटोप्रोफेन एरवी 94 अंशांना वितळतं, पण दाबाखाली हा आकडा खाली घसरतो. तापमान चढवायची घाई झाली की हे होतं.

सुरुवातीची स्थिती म्हणून 40 अंश आणि 150 बार ठेवा. या स्थितीत कार्बन डायऑक्साइडची घनता दर मिलिलिटरला 0.78 ग्रॅम असते, म्हणजे द्रवाच्या जवळपास. वेसल आधी तापवा, मग हळूहळू कार्बन डायऑक्साइड भरा. चुंबकी ढवळणी मंद चालू ठेवा. दोऱ्यावर थेट धार येणार नाही अशी फ्रेम लावा. 4 तासांनी पहिला नमुना काढा, मग 1, 2 आणि 8 तासांचे वेगळे रन करा. औषध आत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. दोरा दुप्पट जाड, तर वेळ चौपट. 3-0 साठी बसवलेला वेळ त्याहून जाड अशा 0 नंबरच्या दोऱ्याला तसाच लावू नका.

प्रत्येक रनमध्ये इथेनॉल थोडं मिसळलं तर जास्त औषध विरघळतं, असा सल्ला कुणीतरी देईलच. विरघळतं खरं. पण मग द्रावक उरला नाही हे सिद्ध करत बसा. त्यापेक्षा औषध बदला.

दाब सोडणं

माझं ठाम मत आहे की या सगळ्या प्रकारात दोरा घडतो किंवा बिघडतो तो शेवटच्या तीन तासांत. आधीचं बहुतेक सगळं यंत्र करतं. इथे माणूस लागतो.

दाब झपकन सोडला तर आत शिरलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायची वाट न मिळाल्याने जागच्या जागी फुगतो. दोऱ्याच्या आत बुडबुडे, वर चिरा. कुकरची शिट्टी उचलून वाफ काढावी तसं काम इथे चालत नाही. दुसरी भानगड औषधाची. 40 अंशांना 150 वरून 100 बारवर येताना घनता 0.78 वरून 0.63 होते, फार फरक नाही. पण 100 वरून 80 वर येताना ती 0.63 वरून 0.28 वर कोसळते. त्या वीस बारांत द्रवाची औषध धरून ठेवायची ताकद संपते आणि ते बर्फासारखं पडू लागतं. खिडकीतून पाहिलं तर आधी आत धुरकट होतं, मग कण तरंगताना दिसतात, आणि मग ते दोऱ्यावर बसतात. वजनात हे औषधही मोजलं जातं आणि पेपरात मुरलेलं औषध म्हणून छापलं जातं.

म्हणून मी असं करते. 150 ते 100 बार दर मिनिटाला 2 बार. 100 ते 60 बार दर मिनिटाला अर्धा बार. 60 च्या खाली दर मिनिटाला 1 बार. एकूण पावणेतीन तास. तापमान पूर्ण वेळ 40 वर धरायचं, कारण वायू पसरताना वेसल आपोआप गार होतं आणि हीटर मागे पडतो. व्हेंटचा नीडल व्हॉल्व्ह हीटिंग टेपने गरम ठेवा. नाहीतर त्यात कोरडा बर्फ अडकतो, प्रवाह बंद पडतो, तुम्ही व्हॉल्व्ह आणखी उघडता, आणि बर्फ सुटला की दाब एकदम धाडकन खाली. वेसल थोडं मोठं असेल आणि औषधासाठी वेगळा कप्पा असेल तर दाब उतरवण्याआधी मधला व्हॉल्व्ह बंद करा, पडणारं औषध बरंच कमी होतं. ताज्या कार्बन डायऑक्साइडने दोरा धुण्याचा मोह मात्र नको. जो द्रव औषध आत नेतो तोच ते बाहेरही काढतो.

या तीन तासांत मोबाइल दूर ठेवा. खुर्ची घेऊन वेसलसमोर बसा, पण खिडकीच्या थेट रेषेत नको. दर पाच मिनिटांनी दाब वहीत लिहा.

तपासणी

बाहेर काढलेला दोरा लगेच वजन करू नका. आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड तासन्‌तास निघत राहतो. वजन स्थिर होईपर्यंत दर काही तासांनी मोजा. आणि सोबत एक कोरा दोरा हवाच, म्हणजे सगळा प्रवास तोच, फक्त कुपीत औषध नाही. हा कोरा दोरा नसेल तर ताकद घटली ती औषधामुळे की कार्बन डायऑक्साइडमुळे, हे कधीच कळणार नाही.

आधी सूक्ष्मदर्शक. पृष्ठभागावर सुया किंवा चकत्या दिसल्या तर ते पडलेलं औषध आहे. इथेनॉलने भिजवलेल्या टिश्यूतून दोरा एकदाच ओढा. ते पुसलेलं औषध आणि आतलं औषध वेगवेगळं मोजा. आतलं मोजायला पॉलिलॅक्टिक दोरा क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवा, मिथेनॉल घालून पॉलिमर खाली पाडा, वरचं द्रावण एचपीएलसीला, म्हणजे औषध वेगळं करून मोजणाऱ्या यंत्राला द्या. पॉलिग्लायकोलिक दोरा क्लोरोफॉर्मला दाद देत नाही, त्याला हेक्साफ्लुओरोआयसोप्रोपेनॉल लागतं. ते महाग आहे आणि डोळ्यांना घातक, म्हणून सुरुवातीलाच सांगितलं की तो दोरा नको.

मग गाठ. अमेरिकन फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या मानकांच्या ग्रंथात, 3-0 च्या कृत्रिम विरघळणाऱ्या दोऱ्याला गाठ मारून ताणल्यावर सरासरी किमान 1.77 किलो भार पेलता यावा अशी अट आहे, 2-0 ला 2.68 किलो. कच्चा दोरा, कोरा दोरा आणि औषधाचा दोरा, तिघांचे आकडे शेजारी मांडा. औषध स्वतःही पॉलिमर मऊ करतं. भरपूर मुरलं की दोरा लवचिक होतो, हाताला छान लागतो, पण ताण दिला की लांबत जातो. मी 15 टक्के औषधाचा ढिला दोरा आणि 4 टक्क्यांचा मजबूत दोरा समोर ठेवला तर डोळे मिटून दुसरा उचलेन. जाडीही पुन्हा मोजा. 0.249 च्या पुढे गेलात तर तो 3-0 उरलाच नाही, आणि अट बदलली.

शेवटी औषध कसं सुटतं ते. पीएच 7.4 चं फॉस्फेट बफर, 37 अंश, दोऱ्याच्या मानाने भरपूर द्रव. नमुने पहिल्या दिवशी अर्धा तास, 1, 2, 4, 8 आणि 24 तासांनी, मग रोज. पहिल्या तासातच निम्मं औषध बाहेर आलं तर तुमचा दाब सोडण्याचा तक्ता पुन्हा बघा. सरळ दोऱ्याबरोबर गाठ मारलेला दोराही बफरमध्ये ठेवा. गाठीपाशी दोरा दाबला आणि चिरडला जातो. शरीरात जाणार आहे तो गाठीसकट.

निर्जंतुकीकरण सगळ्यात शेवटी येतं, पण त्याचा विचार पहिल्या दिवशीच करायचा. ऑटोक्लेव्हची वाफ हे दोरे तोडते. गॅमा किरणांनी साखळ्या लहान होतात. नुसता कार्बन डायऑक्साइड जिवाणूंचे बीजाणू मारत नाही, त्याला पेरॲसेटिक आम्लासारखी जोड लागते. विरघळणाऱ्या दोऱ्यांना एरवी इथिलीन ऑक्साइड देतात, पण त्यातही ऊब आणि ओलावा असतो, आणि मऊ झालेल्या दोऱ्यातलं औषध पृष्ठभागावर फुटून येऊ शकतं. म्हणून निर्जंतुक करून आलेल्या दोऱ्याची सूक्ष्मदर्शक, वजन, गाठ आणि रिलीज ही चारही कामं पुन्हा करायची. उरलेला दोरा सिलिका जेलच्या पुडीसह फॉइलच्या पाकिटात बंद करून फ्रिजमध्ये ठेवा. पाकिटावर रनची तारीख, औषध, दाब, तापमान आणि दाब सोडल्याचा वेग लिहा, आणि महिन्याने त्यातला एक दोरा काढून पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घाला.